बहरीनचा प्रश्न पंथाचा की हक्काचा?

आखातातील बहरीन या चिमुकल्या राज्यात फेब्रुवारी २०११ मध्ये जो लोकक्षोभ उसळला, त्यास शिया-सुन्नी झगडा असे नाव देऊन मोकळे होण्याची रीत पडली आहे. ही रीत सोयीची खरी, परंतु सत्यास धरून नव्हे. प्रजा बहुसंख्य शिया आणि खलिफा राजघराणे सुन्नी, हे निर्विवाद आहे. पण मनामाच्या मोती चौकात जमलेल्या लोकांनी मागितले काय? विधिमंडळास खरे अधिकार, लोकांस जबाबदार मंत्रिमंडळ आणि नोकऱ्यांतील पंक्तिप्रपंचाचा अंत! पुढे काही जहालांनी राजसत्ताच नको असा पुकारा केला हे खरे. तथापि त्यांतही धर्मसिद्धान्ताचा वाद कोठे होता, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे.

राज्यकर्त्यांनी मात्र इराणचा बागुलबुवा उभा केला. आपल्या पूर्व प्रांतातील शियांच्या धास्तीने सौदी राजवटही धावून आली. १४ मार्च रोजी सौदी फौज समुद्रसेतू ओलांडून बहरीनमध्ये उतरली. चार दिवसांत चौकातील मोत्याचे स्मारकसुद्धा जमीनदोस्त झाले. पुढे खुद्द राजानेच नेमलेल्या बसिऊनी आयोगाने त्याच वर्षी निर्वाळा दिला की, पुढे केलेल्या पुराव्यावरून इराणचा संबंध सिद्ध होत नाही. कैद्यांचा छळ मात्र झाला. तरीही २०१६ मध्ये अल-विफाक हा प्रमुख विरोधी पक्ष बरखास्त झाला आणि २०१८ मध्ये त्याचे नेते शेख अली सलमान यांस जन्मठेप ठोठावण्यात आली. आरोप कोणता? सुन्नी राजवटीच्या कतारसाठी हेरगिरीचा! पंथाच्या उपपत्तीचे पितळ याहून अधिक उघडे ते काय पडावयाचे?

तेहरानचा कळवळाही आम्ही खरा मानीत नाही. बहरीनच्या निदर्शकांसाठी गहिवरणाऱ्या त्या राजवटीने २००९ मध्ये स्वतःच्या निदर्शकांवर गोळ्या चालविल्या होत्या.

मार्च २०२३ मध्ये बीजिंग येथे रियाध व तेहरान यांनी तुटलेले संबंध पुन्हा जोडण्याचे ठरविले. एप्रिल २०२४ मध्ये बहरीनच्या राजाने दीड हजारांवर कैद्यांस माफी दिली, हे स्वागतार्हच होय. परंतु त्यांत शेख सलमान नव्हते. मोठ्यांचे वैर प्रजेच्या माथी मारले जाते. त्यांच्या सलोख्याने तिची गाऱ्हाणी मिटत नाहीत. नागरिकाच्या तक्रारीस पंथाचे नाव देणारे राज्य अखेर तक्रार मिटवीत नाही, पंथद्वेष मात्र पेरून ठेवते.