मंगळाची माती आणि घाईचा निवाडा

२० जुलै १९७६ रोजी अमेरिकेचे ‘व्हायकिंग-१’ मंगळावर उतरले. सप्टेंबरात त्याचे जुळे यान उतरले. तेथील मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेल्या पोषक द्रावाचे थेंब टाकताच किरणोत्सारी वायू बाहेर पडला. तीच माती आधी १६० अंशांपर्यंत तापवली, तेव्हा वायू जवळजवळ निघेनासा झाला. आधी ठरलेल्या कसोटीनुसार ही सजीवांची खूण होती. परंतु दुसऱ्या उपकरणाने माती ५०० अंशांपर्यंत भाजली, तेव्हा क्लोरिनयुक्त दोन साध्या संयुगांखेरीज सेंद्रिय असे काही आढळले नाही. तीही पृथ्वीवरील सफाईच्या द्रावणांचा अवशेष मानली गेली. मंगळ निर्जीव, असा निवाडा झाला आणि पुढचे अमेरिकी यान तेथे उतरण्यास १९९७ साल उजाडले.

२००८ मध्ये ‘फीनिक्स’ला तेथील मातीत परक्लोरेट सापडले. हा क्षार तापला की सेंद्रिय द्रव्ये जाळतो आणि मागे क्लोरिनयुक्त संयुगे राहू शकतात! म्हणजे शोधण्याच्या रीतीनेच शोधावयाची वस्तू नष्ट केली असावी. पुढे ‘क्युरिऑसिटी’ला प्राचीन खडकांत सेंद्रिय रेणू मिळाले. यावरून तेथे जीव आहेत असे मात्र ठरत नाही.

आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना हे प्रकरण परके वाटू नये. नोंदवहीत न आलेली मजुरी म्हणजे न झालेली मजुरी, असे धरून आम्हीही कोष्टके भरीत आलो आहोत. असो. त्या पहिल्या प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेव्हिन यांनी २०२१ मधील निधनापर्यंत जीवसृष्टीचा दावा सोडला नाही. तो दावा मला पटत नाही. पण त्यांचा प्रयोग सुधारून तेथे पुन्हा करण्याचे कोणत्याही अमेरिकी यानाने मनावर घेतले नाही, हे त्याहून पटत नाही.