बोअर खोल गेले, पाणी मचूळ झाले

बालाघाटच्या पट्ट्यात बोअर किती फूट गेला आणि किती इंची पाणी लागले, एवढीच चर्चा होते. ते पाणी कसे आहे, हे कुणी विचारत नाही. मग घरात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, ठिबकच्या नळ्या क्षाराने बुजल्या, की माणूस नशिबाला बोल लावतो. नशिबाचा यात फारसा संबंध नाही.

वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि मग काळा पाषाण, अशी आपली जमीन. जुन्या विहिरींचे पाणी मुरमातले. बऱ्या पावसात ते दरसाल ताजे व्हायचे. खोल फटींतले पाणी मात्र कित्येक वर्षे दगडाच्या संगतीत राहिलेले. जितका मुक्काम जास्त, तितके क्षार त्यात जास्त उतरतात. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर आले ते पिण्यासाठी. पुढे त्यावरच ऊस उभा राहिला. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दरवर्षी पडतोच असे नाही. भरपाई कमी अन् उपसा जास्त, मग वरचे पाणी सरले की खालच्यावर हात.

आता हिशेब करा. एका लिटरात एक ग्रॅम क्षार असलेले पाणी आपल्याला फार खारे लागत नाही. पण एकराला तीन इंच पाणी दिले तर ते तीन लाख लिटर होते, म्हणजे एका पाळीला तीनशे किलो क्षार. पन्नास किलोची सहा पोती आपण स्वतः रानात ओतली! पाणी उन्हाने उडून जाते, क्षार जागेवर राहतो. मोठ्या पावसात त्यातला काही खाली झिरपून पुन्हा विहिरीत उतरतो, आणि तेच पाणी आपण पुन्हा उपसतो. त्यात युरियाचा अतिरेक आणि विहिरीलगतचे उकिरडे. त्यांतून नायट्रेट पाण्यात उतरते, त्याला चवही नसते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

अकोला-अमरावती-बुलढाण्यातला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक आहे. तिथले खारेपण निसर्गाचेच, पिढ्यान् पिढ्यांचे. सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाटाचे पाणी बेसुमार देऊन रानं चोपण झाली. आपल्याकडे पाटाचे पाणी सगळ्यांना कुठे मिळते? तरी खोल बोअरच्या पाण्याने आपण त्याच वाटेला लागलो आहोत. सोडियम वाढला की काळ्या मातीचे कण विस्कटतात, पाणी जिरत नाही, भेगाळलेले रान पावसात चिखलाचा गोळा होते. जिप्सम आणि ताग-धैंचा गाडून ती सुधारते खरी, पण पाण्याचा निचरा नसेल तर तो खर्च वाया जातो.

भूजल अधिनियम २००९ मध्ये मंजूर झाला, २०१४ पासून लागू आहे. ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना त्यात आवर घातला आहे. कागद चांगला आहे. पण बोअरची गाडी रात्री गावात शिरते तेव्हा तलाठी-ग्रामसेवक कुठे असतात? पानाड्याला बोलवायला आणि नारळ फोडायला गाव हजर, बाटलीभर पाणी तपासायला द्यायला कुणी नाही. टंचाईत टँकर भरण्यासाठी बोअर अधिग्रहित करतानाही पाणी तपासूनच घ्यावे, हा आग्रह नांदूरघाट परिसरातल्या ग्रामसभांनी धरला पाहिजे. गावातल्या कोरड्या विहिरीत गाळणखड्डा करून ओढ्याचे पाणी सोडणे, नाला बांधातला गाळ काढणे, ही कामे त्याच सभेत मांडावीत. पावसाच्या पाण्याशिवाय खारे पाणी पातळ करणारे दुसरे औषध नाही.

नमुना घेताना मोटार अर्धा तास चालू द्यावी, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, लिटरभर भरून गट नंबर, खोली आणि तारीख चिठ्ठीवर लिहावी, आणि दिवसभरात माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत पोचवावी. अहवालात ईसी २.२५ च्या वर असेल तर त्या पाण्यावर नवी बाग लावू नये.