'ती तर फक्त प्रेमकथा आहे' म्हणणाऱ्यांना

कोरियन मालिका बघणाऱ्या आपल्या पोरापोरींना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. वसतिगृहाच्या खोलीत चार मैत्रिणी एका मोबाईलभोवती बसून मालिका बघतात, त्याने चळवळीचे काही बुडत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. 'स्नोड्रॉप' या प्रेममालिकेवरून दक्षिण कोरियात जे रणकंदन झाले, त्याचा विषय निघाला की आपल्याकडचे अनेक प्रेक्षक एकच वाक्य फेकतात: 'ती तर फक्त प्रेमकथा आहे, तिच्यात इतिहास आणि राजकारण कशाला आणता?' हे वाक्य आम्ही आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहोत. म्हणून ते तपासणे गरजेचे आहे.

आधी हकिकत. 'स्नोड्रॉप' ही 16 भागांची मालिका 18 डिसेंबर 2021 रोजी 'जेटीबीसी' वाहिनीवर सुरू झाली आणि 30 जानेवारी 2022 ला संपली. नायिका 'ब्लॅकपिंक'ची जिसू, नायक जंग हे-इन. काळ 1987 चा, शहर सेऊल. मुलींच्या वसतिगृहात रक्ताने माखलेला एक तरुण घुसतो. लोकशाहीसाठी लढणारा विद्यार्थी असावा असे समजून नायिका आणि तिच्या मैत्रिणी त्याला लपवतात. प्रत्यक्षात तो उत्तर कोरियाचा हेर असतो. मग त्यांचे प्रेम, आणि पुढचे सगळे.

मार्च 2021 मध्ये, म्हणजे मालिका पडद्यावर येण्याआधीच, कथानकाची रूपरेषा फुटली आणि लोक खवळले. मालिका थांबवा असा अर्ज राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे गेला. त्यावर 2 लाखांहून अधिक सह्या झाल्या. सरकारने उत्तर दिलेच पाहिजे, यासाठीची मर्यादा तेव्हा तेवढीच होती. डिसेंबरात पहिले दोन भाग दाखवल्यावर नवा अर्ज आला, त्यावरच्या सह्या 3 लाखांपुढे गेल्या. प्रेक्षकांनी जाहिरातदारांना जाब विचारायला सुरुवात केली. चहा विकणाऱ्या कंपनीपासून फर्निचरवाल्यापर्यंत अनेकांनी अंग काढून घेतले. वाहिनीने गैरसमज दूर करण्यासाठी पुढचे तीन भाग 24 ते 26 डिसेंबर असे सलग तीन दिवस दाखवले. एक गट मनाई हुकुमासाठी कोर्टात गेला. 29 डिसेंबरला कोर्टाने तो अर्ज फेटाळला.

एका प्रेमकथेवर एवढा राग का? हे समजायचे तर 1987 साल समजले पाहिजे.

त्या वर्षी दक्षिण कोरियात चुन डू-ह्वान या लष्करशहाची सत्ता होती. 1980 च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात लष्कर घालून लोकांचे रक्त सांडणारा हाच माणूस. 14 जानेवारी 1987 रोजी सेऊल राष्ट्रीय विद्यापीठात भाषाशास्त्र शिकणारा पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी पोलिसांच्या कम्युनिस्टविरोधी तपास विभागाच्या इमारतीत मेला. नामयोंग-दोंग भागातल्या त्या इमारतीत, 509 क्रमांकाच्या खोलीत, त्याचे डोके पाण्यात बुडवून बुडवून आपला सहकारी कुठे लपला आहे हे विचारले जात होते. पोलिसांनी जगाला सांगितले की अधिकाऱ्याने टेबलावर हात आपटला आणि पोरगा धसक्याने कोसळला. पुढे जूनमध्ये ली हान-योल या विद्यार्थ्याच्या डोक्याला अश्रुधुराचे नळकांडे लागले, जुलैत तो गेला. लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडण्याचा हक्क त्यांनी मिळवला.

या सगळ्या काळात सत्तेच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार कोणते होते? बंदूक होतीच, पण तिच्या आधी एक शब्द चालायचा: 'हेर'. जो विरोध करील तो उत्तर कोरियाचा हस्तक. हा शिक्का चुनच्याही आधीपासूनचा. 1975 च्या एप्रिलमध्ये, पार्क चुंग-हीच्या राजवटीत, उत्तर कोरियाच्या इशाऱ्यावर उठाव रचल्याच्या आरोपाखाली 8 जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांना लटकवले. 2007 साली फेरसुनावणीत हे आठही जण निर्दोष ठरले. निर्दोष ठरले तेव्हा त्यांना मरून 32 वर्षे झाली होती.

आता पुन्हा मालिकेकडे बघा. आंदोलक समजून आसरा दिला तो तरुण खरोखरच हेर निघतो! ज्या खोट्या आरोपाने माणसे छळून मारली, तोच आरोप कथानकाने खरा करून दाखवला. भर म्हणून त्या राजवटीच्या गुप्तचर खात्याचा एक अधिकारी तत्त्वनिष्ठ, झुंजार माणूस म्हणून उभा केला. खाते कोणते? ज्याने असे 'हेर' तयार करण्याचा धंदाच मांडला होता ते. नायिकेचे नाव सुरुवातीला यंग-चो ठेवले होते. 1970 च्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीत त्याच नावाची एक लढवय्यी होऊन गेली. ओरड झाल्यावर नाव बदलून यंग-रो केले. आणि हेराच्या मागे गुप्तचर धावतात त्या दृश्याला पार्श्वसंगीत म्हणून वापरले ते लोकशाही आंदोलनात गायले जाणारे गाणे.

वेळही लक्षात घ्या. चुन डू-ह्वान 23 नोव्हेंबर 2021 रोजी मेला. ग्वांगजूची माफी न मागता मेला. 1996 मध्ये फाशीची शिक्षा झालेला हा माणूस 1997 मध्ये माफी मिळवून बाहेर आला आणि नव्वदी गाठून घरात मेला. त्यानंतर महिनाही झाला नव्हता तोवर ही मालिका आली. ज्यांची मुले गेली, ज्यांनी स्वतः मार खाल्ला, ते लोक अजून जिवंत आहेत. त्यांना 'फक्त प्रेमकथा आहे' म्हणून गप्प बसवणारे आपण कोण?

मालिकेचे समर्थक म्हणतात की हे सगळे कल्पित आहे. बरोबर, पात्रे कल्पित आहेत. पण 1987 कल्पित नाही, गुप्तचर खाते कल्पित नाही, गाणे कल्पित नाही. खऱ्या काळाचे वजन हवे म्हणूनच ते साल निवडले ना? वजन घ्यायचे आणि हिशेब मागितला की कल्पित म्हणून हात झटकायचे, ही लबाडी आहे.

दुसरा युक्तिवाद: आधी पूर्ण बघा, मग बोला. यात थोडे तथ्य आहे आणि ते आम्ही मान्य करतो. मालिकेत सत्ताधारी पक्षाचे लोक निवडणूक जिंकण्यासाठी उत्तर कोरियाशीच साटेलोटे करतात असे दाखवले आहे, आणि वाहिनीचा बचावही तोच होता. फुटलेल्या रूपरेषेवरून काही लोक नको तितके बोलले. तरी मूळ आक्षेप सोळावा भाग बघूनही मिटत नाही. सत्ताधारी वाईट दाखवले म्हणून आंदोलकांच्या जागी हेर बसवल्याची भरपाई होत नाही. जिसूच्या देशोदेशीच्या चाहत्यांनी मात्र हा आक्षेप ऐकूनच घेतला नाही. आपल्या आवडत्या नटीवरचा हल्ला एवढेच त्यांना दिसले. मालिका डिस्नेच्या मंचावरून कोरियाबाहेर गेली. ज्यांनी पार्क जोंग-चोलचे नावही ऐकलेले नाही, त्यांची 1987 शी पहिली ओळख याच मालिकेतून होणार, ही कोरियन प्रेक्षकांची भीती अगदी वाजवी होती.

इथे कोणी विचारील, मग 'भावना दुखावल्या' म्हणून दगड उचलणाऱ्यांत आणि या प्रेक्षकांत फरक काय? प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तरही कोरियातच आहे. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही मालिका तुमच्यापैकी अनेकांनी बघितली असेल. दक्षिणेची श्रीमंत उद्योजिका वादळात सापडून उत्तरेत पडते आणि तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. फेब्रुवारी 2020 मध्ये शेवटच्या भागाने 21 टक्क्यांहून अधिक प्रेक्षक खेचले, तोवरचा त्या वाहिनीचा तो विक्रम होता. तिच्यावरही तक्रार झाली. एका ख्रिस्ती उजव्या पक्षाने जानेवारी 2020 मध्ये पोलिसांकडे धाव घेतली की ही मालिका शत्रूला गोंडस दाखवते, तिच्यावर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली कारवाई करा.

दोन्ही मालिकांत नायक उत्तर कोरियाचा, दोन्हींवर आक्षेप, पण आक्षेपांची जात निराळी. पहिल्या तक्रारीचे म्हणणे असे की शत्रूच्या प्रदेशातला माणूस माणूस म्हणून दाखवूच नका. उलट, त्या मालिकेच्या लेखनात उत्तरेतून निसटून आलेल्या माणसाचा हात होता आणि तिथून आलेल्या अनेकांनी खेड्यातल्या बायकांचे, बाजाराचे, वीज जाण्याचे तपशील ओळखीचे असल्याचे सांगितले. 'स्नोड्रॉप'वरचा आक्षेप मात्र असा होता की ज्यांना खोटा शिक्का मारून मारले, त्यांच्यावर पुन्हा तोच शिक्का मारू नका. एक आक्षेप शिक्का मारणाऱ्यांच्या बाजूचा, दुसरा शिक्का सोसलेल्यांच्या बाजूचा. 'दोन्हीकडे भावनाच' म्हणून दोघांना एका पारड्यात टाकणारा माणूस तटस्थ नसतो, तो आळशी असतो.

तरीही एका बाबतीत आम्ही कोरियन अर्जदारांच्या सोबत जाऊ शकत नाही. मालिका सरकारने बंद पाडावी, ही त्यांची मागणी आम्हाला पटत नाही. चुनच्या राजवटीत कोणती बातमी छापायची, कोणती दाबायची याच्या सूचना रोज वृत्तपत्रांना जात. 1986 साली एका मासिकाने त्या उघड केल्या. ज्या हाताने हे केले त्याच हातात पुन्हा कात्री कशाला द्यायची? मनाईचा अर्ज फेटाळताना कोर्टाने म्हटले की मालिकेत इतिहासाचा विपर्यास आहे असे धरले तरी लोक तो डोळे मिटून स्वीकारतील असे मानता येत नाही. आम्हाला हे पटते, पण एका अटीवर. लोक डोळे उघडे ठेवतात ते कोणीतरी ओरडून जागे केल्यावर. ते काम तीन लाख सह्यांनी केले.

बंदीबद्दल आम्ही हे बोलतो त्याला आमचे कारण आहे. 1987-88 मध्ये बाबासाहेबांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम'वर भावना दुखावल्याची हाकाटी झाली आणि शासनाने ग्रंथाचा काही भाग वगळावा म्हणून दबाव आला, तेव्हा आपले लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले होते. बंदीचे हत्यार फिरून कोणाच्या मानेवर येते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि शिक्क्याचे म्हणाल तर तोही आपल्या ओळखीचा आहे. कोरियात 'हेर', इथे 'नक्षलवादी'. खैरलांजीनंतर संतापून रस्त्यावर आलेल्यांना हा शब्द चिकटवायचा प्रयत्न झाला. आनंद तेलतुंबडे यांच्यासारखा अभ्यासक याच आरोपाखाली 14 एप्रिल 2020 रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, कोठडीत गेला आणि जामीन मिळायला अडीच वर्षे लागली. उद्या कोणी एक गोड प्रेममालिका काढली, तिच्यात वस्तीतला भीमसैनिक म्हणून ओळख झालेला नायक खरोखरच हत्यारबंद हस्तक निघाला आणि तपास अधिकारी मात्र सज्जन निघाला, तर आपण काय म्हणू? 'फक्त प्रेमकथा आहे' म्हणू?

म्हणून मित्रांनो, मालिका जरूर बघा. नायक-नायिकेवर जीव लावा. पण बघताना दोन प्रश्न जवळ ठेवा: ही कथा कोणाच्या आरोपाला खरे ठरवते, आणि ज्यांनी ते सोसले ते काय म्हणतात? उत्तर खटकले तर लिहा, जाहिरातदाराला विचारा, खरा इतिहास शेजारच्याला सांगा. सरकारला कात्री मागू नका.

14 जानेवारी हा दिवस आपण नामविस्तार दिन म्हणून पाळतो. सतरा वर्षे लढून, माणसे गमावून 1994 साली मिळवलेला तो दिवस. त्याच तारखेला 1987 मध्ये सेऊलच्या 509 क्रमांकाच्या खोलीत एका विद्यार्थ्याने सहकाऱ्याचा पत्ता सांगितला नाही आणि जीव गमावला. पुढच्या 14 जानेवारीला पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांच्यासोबत पार्क जोंग-चोलचेही नाव घ्या. ज्यांना त्याचे नाव माहीत आहे, त्यांना कोणतीही मालिका सहज फसवू शकणार नाही.