हेल्मेटनंतर बूट
ऑफ-रोडिंगला निघालेली मुलं हेल्मेट आणि जॅकेटवर सगळे पैसे संपवतात आणि कॉलेजच्या स्पोर्ट्स शूजवर सह्याद्रीतल्या चिखलात उतरतात, हे पाहिलं की मला खरंच भीती वाटते. आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं, नीट बसणारं हेल्मेट आधी हवंच. पण त्यानंतर लगेच बूट घ्या, जॅकेट थांबू शकतं. दगडाळ चढावर वेग कमी असतो, तोल जातो आणि दीडशे ते दोनशे किलोंची गाडी आडवी होते ती नेमकी घोट्यावर. गुडघ्याचे गार्ड दुकानात उभ्यानं बघू नका. गाडीवर बसून पाय दुमडा, वाटी सरकली तर ते परत ठेवा. पॅडवरची युरोपीय खूणही वाचा: ५० ज्यूलच्या आघातात लेव्हल १ सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत सोडतं, लेव्हल २ फक्त २० पर्यंत. निगा राखायची ती हेल्मेटची. आतलं थर्माकोल एकदाच दबतं आणि तेवढ्यानंच डोकं वाचवतं, त्यामुळे जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी टाकून द्या. ते पेट्रोलनं किंवा थिनरनं कधीच पुसू नका, पॉलिकार्बोनेट ठिसूळ होतं. सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरतं. गॉगलवरचा चिखल कोरडा घासू नका, आधी पाण्यानं ओघळू द्या. बूट मात्र सावलीतच वाळवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, आणि ते बोळे रात्रीतून एकदा बदला.