राख की कोळसा?

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ असे म्हणून मराठी माणसाने कोळशाला नावे ठेवली. परंतु हाच काळेपणा मातीत मुरला, तर ते तिचे वैभव ठरते.

बंगळुरू ही उद्यानांची नगरी. १७६० मध्ये हैदर अलीने लालबागेची उभारणी सुरू केली. झाडांची हौस या शहराला तेव्हापासूनची. मात्र पानगळीच्या दिवसांत रस्त्याकडेला पालापाचोळ्याचे ढीग साचतात आणि अनेकदा त्यांना काडी लावली जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा जाळण्याला मनाई केली, तरी ही सवय सुटलेली नाही. त्या धुराचा पहिला घास घेतात झाडू मारणारे हात. शहराच्या स्वच्छतेची किंमत त्यांच्या छातीने का मोजावी?

दुसरीकडे, याच शहरातील बागप्रेमी पोत्यांनी खत विकत आणतात. येथील तांबड्या मातीत सेंद्रिय अंश कमी असतो आणि पाणीही फार काळ टिकत नाही. एकीकडे जाळायचे आणि दुसरीकडे विकत घ्यायचे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

पाने कुजवून खत करावे, हा पहिला मार्ग. सहजी न कुजणाऱ्या काटक्या-फांद्यांसाठी दुसरा मार्ग आहे, तो बायोचारचा. पुरेशी हवा न देता लाकूड तापवले, की राख न होता सच्छिद्र कोळसा उरतो. लाकडातील साधारण निम्मा कार्बन त्यात राहतो आणि शेकडो वर्षे मातीत टिकू शकतो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील मूळ रहिवाशांनी प्राचीन काळी घडवलेली कोळसामिश्रित काळी माती आजही सुपीक आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत विकसित केली. तिला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तेथे हेतू इंधनाचा होता. पण टाकाऊ पाचटाचेही मोल होते, हे त्यातून सिद्ध झाले.

अर्थात, कोळसा म्हणजे खत नव्हे. कोरा कोळसा मातीत घातला, तर तो आधी मातीतलीच अन्नद्रव्ये शोषून घेतो. म्हणून तो कंपोस्टमध्ये दोन-तीन आठवडे मुरवावा आणि मातीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक घालू नये. तो बहुधा अल्कधर्मी असल्याने आम्लधर्मी तांबड्या मातीला मानवतो. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र जपून वापरावा. घरोघरी भट्ट्या पेटवणे तर नकोच. नाहीतर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होईल. धूर जाळून टाकणारी एकच भट्टी उद्यानात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली असावी.

झाडाने मातीतून जे घेतले, ते मातीला परत करणे हा उपकार नव्हे. ती ऋणफेड आहे. काडी ओढणाऱ्या हाताने क्षणभर थांबून एवढाच विचार करावा: मागे काय उरावे, राख की कोळसा?