पकडला गेला म्हणजे संपला?

युद्धकैदी झालेल्या अधिकाऱ्याची कारकीर्द लिहिताना आपली मंडळी कैदेची वर्षे गुपचूप गाळतात. जणू घराण्याला डागच! जनरल कुमारमंगलम यांचेच पाहा. तोफखान्याचे हे अधिकारी १९४२ साली लिबियाच्या वाळवंटात शत्रूच्या हाती लागले. पुढे १९६६ मध्ये तेच भारताचे लष्करप्रमुख झाले! तेव्हा 'शरण का गेला?' असे विचारण्याआधी त्याच्या रेजिमेंटची युद्ध-दैनंदिनी शोधा. लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात अशा दैनंदिन्या जपून ठेवल्या आहेत. तोफा किती उरल्या होत्या, गोळे संपले होते का, माघारीचा हुकूम आला होता का, हे आधी तपासा. कैदेची तारीख हा कारकिर्दीचा पूर्णविराम नव्हे. खरे संशोधन तिथूनच सुरू होते. अब्रूपायी ती तारीख खोडणारा इतिहास लिहीत नाही, नुसते श्राद्ध उरकतो.