‘ऐच्छिक’ म्हणजे दिले नाही तरी चालले पाहिजे

धाराशिव जिल्ह्यातील ईट (ता. भूम) या गावच्या एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. शहरात खोली करून ती संगणकाच्या पदविकेचे शिक्षण घेत आहे. भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम तिने सी भाषेत लिहिला. कमांड लाइनवर यादीच्या फाईलचे नाव आणि वर्ष लिहिले की त्या वर्षाची बेरीज येते. वर्ष लिहायचे राहिले तर मात्र ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द दाखवून प्रोग्राम बंद पडतो. वर्ष ऐच्छिक कसे करावे, हा तिचा प्रश्न.

प्रश्न वर्गणीच्या हिशेबाचा असल्यामुळे उत्तर सर्वांसमोर ठेवतो. ज्यांच्या घरी संगणक नाही अशा वाचकांनीही पान उलटू नये. यातला निम्मा भाग व्यवहाराचाच आहे.

मिलिंद महाविद्यालय १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झाले, आणि खेड्यापाड्यांतल्या आपल्या कित्येक घरांत ‘ऐच्छिक विषय’ हा शब्द तेव्हा प्रथम पोचला असेल. तिथल्या ऐच्छिकात एक विषय सोडला तर दुसरा घ्यावा लागतो. प्रोग्राममधले ऐच्छिक अधिक मोकळे आहे : दिले तर घ्या, नाही दिले तर अडून बसू नका. दुकानात नुसते ‘चहापत्ती द्या’ म्हटले तर दुकानदार नेहमीची पुडी काढून देतो. मोठी हवी असेल तर आपण तसे सांगतो. नेहमीची कोणती, हे मात्र त्याच्या डोक्यात आधीच पक्के असावे लागते.

आता मुद्दा. कमांड लाइनवर आपण लिहिलेले शब्द मेन या फंक्शनकडे दोन नावांनी येतात. ‘आर्ग-सी’ म्हणजे शब्दांची संख्या आणि ‘आर्ग-व्ही’ म्हणजे त्या शब्दांची रांग. रांग शून्यापासून मोजतात आणि शून्याच्या जागी प्रोग्रामचे स्वतःचे नाव असते. ‘हिशेब यादी २०२४’ असे लिहिले तर आर्ग-सी तीन. वर्ष गाळले तर दोन, आणि वर्षाच्या जागी ‘नल’, म्हणजे काहीच नाही. या भगिनीचा प्रोग्राम ते ‘काहीच नाही’ उचलून ‘ए-टू-आय’ या फंक्शनकडे अंक करायला देतो आणि तिथेच कोसळतो. उपाय एका ओळीचा आहे. आधी आर्ग-सी तपासावे, तीन किंवा अधिक असेल तरच वर्षाला हात लावावा, नाहीतर चालू वर्ष धरावे. चालू वर्ष संगणकाच्या घड्याळातून घेताना ‘टीएम-इयर’मध्ये १९०० मिळवायला विसरू नये. ती मोजणी १९०० पासूनची असते, त्यामुळे २०२४ ऐवजी १२४ दिसेल.

कोसळणे परवडले, कारण ते निदान दिसते. ए-टू-आयला अंक समजला नाही तर तो तक्रार न करता शून्य देतो. मोबाइलच्या मराठी कळफलकावरून कोणी देवनागरी अंकांत २०२४ टाइप केले तर ते त्याला कळत नाहीत, त्याला इंग्रजी अंकच लागतात. मग वर्ष शून्य, वर्गणी शून्य, आणि पडद्यावर ‘एकूण ० रुपये’. विहारात बसलेल्या मंडळींसमोर असा आकडा गेला तर काय होईल, हे ज्यांनी जयंतीचा हिशेब मांडला आहे त्यांना सांगायला नको. मजुरीतून काढून दिलेल्या पन्नास रुपयांचाही माणूस जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. म्हणून ए-टू-आय सोडून ‘स्ट्र-टू-एल’ वापरावे. वाचन कुठे थांबले ते हे फंक्शन सांगते. पहिल्याच अक्षराला थांबले किंवा शब्द संपण्याआधी थांबले तर ते वर्ष नव्हे. प्रोग्रामने तसे सांगून थांबावे. आणि वर्ष न दिल्यामुळे चालू वर्ष धरले असेल तर बेरजेच्या वर तसे छापावे. हिशेबात गृहीत धरलेली गोष्ट उघड असावी.

ऐच्छिक गोष्टी दोन-तीन झाल्या की नुसती मोजणी पुरत नाही. कोणता शब्द कशासाठी, ते कळत नाही. तेव्हा वजाच्या चिन्हाला जोडून एक अक्षर देण्याची पद्धत आहे आणि ती वाचायला ‘गेटऑप्ट’ हे फंक्शन आहे. त्याला अक्षरांची एक यादी द्यायची. नुसते अक्षर म्हणजे खूण, जसे ‘टी’ : फक्त बेरीज दाखवा. अक्षरापुढे एक कोलन, जसे ‘वाय’ला, म्हणजे त्यासोबत किंमत हवीच. दोन कोलन म्हणजे किंमत ऐच्छिक.

या दोन कोलनांपाशी पोरे हमखास फसतात. ‘एन’ला दोन कोलन दिले आणि ‘-एन ५’ असे मध्ये जागा सोडून लिहिले, तर ते ५ एनला मिळतच नाही. एनची किंमत नल राहते आणि ५ सुटा शब्द म्हणून मागे उरतो. प्रोग्राम त्यालाच यादीचे नाव समजून ‘५’ नावाची फाईल शोधत बसतो. अक्षराला चिकटवून ‘-एन५’ लिहिले तरच काम होते. आमचे मत विचाराल तर दोन कोलनांच्या नादी लागू नये. युनिक्सच्या पॉसिक्स मानकातील संकेतही किंमत ऐच्छिक ठेवू नये असेच सांगतात. किंमत सक्तीची ठेवा आणि ते अक्षरच देणे-न देणे ऐच्छिक ठेवा. एन दिला नाही तर पहिली दहा नावे, दिला तर सोबत आकडा हवाच.

गेटऑप्ट सी भाषेच्या मूळ मानकात नाही, म्हणून टर्बो सी असलेल्या प्रयोगशाळेत ते सापडणार नाही. तिथे आर्ग-सी मोजूनच काम भागवावे. तिथे मेनूतून प्रोग्राम चालवला तर शब्द आपोआप जात नाहीत. ‘रन’खालील ‘आर्ग्युमेंट्स’मध्ये ते लिहावे लागतात. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स घेऊन त्यात क्लँग बसवावे. सरावाला तेवढे पुरे होते.

यादीत नसलेले अक्षर आले की गेटऑप्ट प्रश्नचिन्ह परत देतो. त्या वेळी कमांड कशी लिहावी याची एक ओळ छापून थांबावे. ती ओळ मराठीत छापायला सी भाषेची काही हरकत नाही : ‘वर्ष इंग्रजी अंकांत लिहा, न लिहिल्यास चालू वर्ष धरले जाईल.’